विमान जुनं निघालं, त्रास मात्र तिकिटाने दिला

गिऱ्हाईक समोर बसलं की आधी भाडं विचारतं, मग सामान किती चालेल ते. हल्ली तिसरा प्रश्नही हमखास येतो: "ताई, विमान किती जुनं आहे?" १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं, तेव्हापासून धुळ्यातसुद्धा हा प्रश्न रोजचा झाला. ते विमान अकरा वर्षांचं होतं, आणि प्रवासी विमानाच्या हिशेबात अकरा हे काही म्हातारपण नव्हे. पण हे काउंटरवर बसून सांगितलं तर पटत नाही, आणि समोरच्याच्या डोळ्यांत भीती असताना शहाणपण शिकवूही नये.

माझं तिकिटांचं दुकान धुळ्यात, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत. आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, या मे महिन्यात धाकट्या दिराकडे कोलंबसला पोचवून आले. कोलंबस हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं गाव. हा त्या प्रवासाचा अभिप्राय. टप्पे असे: जळगाव ते मुंबई पंख्याचं एटीआर, मुंबईहून युरोपात बदलून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत मोठं जेट, आणि शेवटी तिथल्या तिथे एअरबसचं एक म्हातारं ए३१९. तक्रार आहे तिथे मी कंपनीचं नाव लिहिणार नाही. एक तर उद्या दुकान उघडल्यावर मला त्यांचीच तिकिटं विकायची आहेत. दुसरं म्हणजे ज्या दुखण्याबद्दल मी लिहितेय ते एका कंपनीचं नाहीच, कंपन्या एकमेकींत मिसळल्या की सगळीकडे होतं.

आधी जळगाव. धुळ्याहून पहाटे गाडी काढली, पारोळा, एरंडोल करत जळगाव, तिथून अजिंठ्याच्या रस्त्याला कुसुंब्याचा विमानतळ. हा विमानतळ आम्ही तिकीटवाल्यांनी अनेकदा 'सुरू' होताना पाहिला आहे. २०१२ साली तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं, जिल्ह्याच्याच लेकीच्या हस्ते. नियमित विमान मात्र आलं डिसेंबर २०१७ मध्ये, 'उडान' योजनेतून, एअर डेक्कनचं अठरा-एकोणीस आसनांचं बीचक्राफ्ट. ते थांबलं. २०१९ मध्ये ट्रूजेटचं एटीआर आलं, कंपनीच बसली, तेही थांबलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये फ्लाय९१ आणि जूनमध्ये अलायन्स एअर. दर वेळी फीत, दर वेळी पेढे. नातेवाईक मला विचारतात, "आता तरी टिकेल का?" मी म्हणते, टिकेपर्यंत बसून घ्या.

एटीआर ७२ बद्दल लोकांच्या मनात उगाच अढी आहे. पंखा दिसला की त्यांना ते जुनं वाटतं. दाराशी उभे राहून आण्णाही तेच बघत होते. पण ७२-६०० हे आजही फ्रान्समध्ये तुलूझला तयार होणारं चालू मॉडेल आहे. कमी अंतराला जेटपेक्षा इंधन कमी पितं, आणि जळगावसारख्या धावपट्टीवर सहज उतरतं. जेटला इथे यायचं म्हटलं तर धावपट्टीपासूनच अडचण.

चढायचं दार मागच्या बाजूला असतं, पुढच्या दारातून सामान जातं. त्यामुळे पहिल्यांदा बसणारा माणूस पुढे चालत जातो आणि लोडरच्या हातातल्या बॅगांवर आदळतो. वरचे कप्पे लहान असतात, केबिनवाली चाकांची बॅग शिडीपाशीच काढून घेतात. त्यावर भांडू नका, ती खरोखरच आत मावत नाही.

चाळीसच्या वर पारा होता. आम्ही शिडीकडे निघालो तर उजव्या बाजूने इंजिनाची शिट्टी, आणि त्या इंजिनाचा पंखा मात्र ढिम्म. आण्णा थबकले. आयुष्यभर दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये फिटर होते ते. यंत्राचा आवाज आणि यंत्राची हालचाल जुळली नाही की त्यांचा पाय पुढे पडत नाही. "पंखा तं बंद शे, मंग हाऊ आवाज कसाना शे?" मला ठाऊक होतं, म्हणून सांगितलं. मोठ्या जेटच्या शेपटीत जमिनीवर वीज आणि गार हवा द्यायला एक वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरमध्ये ते नसतं. मग उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याच्या पंख्याला ब्रेक लावून धरतात. याला हॉटेल मोड म्हणतात. आण्णांनी मान डोलावली, पण जागेवर बसेपर्यंत त्यांची नजर त्या पंख्यावरच होती. मग निघायच्या वेळी ब्रेक सुटला, पंखा फिरायला लागला, आणि ते हसले. त्यांना पटलं.

पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं: केळीचे हिरवे चौकोन, गिरणेचं कोरडं पात्र, मग सातमाळ्याचे डोंगर. पंख्याच्या ओळीत बसलात तर आवाज जास्त, मागे कमी. म्हणून मी मागची सीट घेते. वेळेत निघालं, वेळेत उतरलं. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो विमानासाठी नाही, पुढे सांगते त्या गोष्टीसाठी.

त्याआधी फ्लाय९१ बद्दल एक आडवळण. त्यांच्या फ्लाइट नंबरआधी आयसी लागतं. आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसाला ही दोन अक्षरं दिसली की चमकायला होतं, कारण आयसी म्हणजे इंडियन एअरलाइन्स. ती २०११ मध्ये बोर्डावरून गेली, कोड काही वर्षं पडून राहिला, आणि आता गोव्याच्या एका नव्या छोट्या कंपनीकडे आला. आयसीचं मूळ खातं जिथे बुडालं तिथपासूनच आजचं बरंचसं दुखणं समजतं.

इंडियन एअरलाइन्स स्वतःच विलीनीकरणातून जन्मली होती. १९५३ मध्ये सरकारने खासगी कंपन्या ताब्यात घेतल्या आणि त्यातल्या देशांतर्गत आठ कंपन्यांची मोट बांधली: डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंग वगैरे. पन्नास वर्षं गेली, आणि २००७ मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली. दोघी सरकारीच, मग अडचण काय? अडचण अशी की एकीचा सगळा संसार एअरबसचा आणि दुसरीचा बहुतेक बोइंगचा. विलीनीकरणाच्या आधीच दोघींनी आपापली खरेदी करून ठेवलेली: इंडियन एअरलाइन्सची ४३ एअरबस, एअर इंडियाची ६८ बोइंग. वैमानिकाला एका जातीच्या विमानाचा परवाना असला म्हणजे तो दुसऱ्यात जाऊन बसू शकत नाही. सिम्युलेटर वेगळे, सुटे भाग वेगळे, मेकॅनिकच्या परवान्यावरचा शिक्काही वेगळा. कागदावर कंपनी एक, हँगरमध्ये दोन. आणि माणसांचं काय? कोण कोणाला ज्येष्ठ, कोणाचा पगार कोणत्या श्रेणीत, हे ठरवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. २०१२ मध्ये नव्या ड्रीमलायनरवर कोणत्या जुन्या कंपनीचे वैमानिक शिकणार, यावरून जवळजवळ दोन महिने संप चालला. विमान नवंकोरं, भांडण जुनं.

त्याच २००७ साली जेटने सहारा घेतली आणि किंगफिशरने डेक्कनमध्ये भाग घेतला. तिघांपैकी एकही धड नांदली नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बंद, जेट १७ एप्रिल २०१९ ला, आणि एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परत. मधल्या काळात जेवढ्या कंपन्या बसल्या, त्यातल्या एकीकडे माझी अनामत अजून आहे. मी ती वहीतून खोडलेली नाही.

आता तो अर्धा गुण. एअर इंडिया विकली तेव्हा तिच्याच हाताखालची छोटी कंपनी अलायन्स एअर विकली नाही, ती सरकारकडेच राहिली. १५ एप्रिल २०२२ पासून तिचं बुकिंगही वेगळं झालं. म्हणजे मोठ्या शहरांत कंपन्या एकमेकींत मिसळत होत्या तेव्हा आमच्यासारख्या गावांना जोडणारी धाकटी बहीण वेगळी निघाली. माझ्यापुरता परिणाम हा की आण्णांचं जळगाव ते कोलंबस एक तिकीट निघालं नाही. जळगाव-मुंबईचं वेगळं, मुंबईपासून पुढचं वेगळं. मुंबईत बॅगा घेतल्या, बाहेर आलो, पुन्हा रांगेत लागून दिल्या. आणि तिकिटं वेगळी म्हणजे जबाबदारीही वेगळी. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं तर पुढची कंपनी हात वर करते, आणि नियमाने तिचं बरोबर असतं. म्हणून मी मधे बरेच तास ठेवले होते, ते विमानतळाबाहेर बसून काढले.

मुंबई ते युरोप ते अमेरिका हा मधला टप्पा पटकन सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. मोठं विमान, परदेशी कंपनी, जेवण ठीक. माझ्यासमोरचा पडदा अर्धा चालला, आण्णांचा चांगला चालला, पण त्यांनी नकाशा सोडून काही पाहिलं नाही. पाचपैकी तीन.

खरी गंमत शेवटच्या टप्प्यावर. तिकिटावर नंबर युरोपच्या कंपनीचा, उडवणारी अमेरिकन कंपनी, म्हणजे कोडशेअर. आणि ही अमेरिकन कंपनीसुद्धा विलीनीकरणातून झालेली. यावरून कोणालाच ओळखता येणार नाही, कारण तिथल्या सगळ्याच मोठ्या कंपन्या तशा झाल्या आहेत. दारात पाय ठेवला तेव्हाच वास आला: कॉफी, जुनं कापड आणि फिनेलसारखं काहीतरी. आसनं नवी, सडपातळ, निळी. पण हात टेकायच्या पट्टीत हेडफोनची दोन भोकं, ज्यात वर्षानुवर्षं कोणी काही घातलेलं नसावं. छतात ठरावीक अंतरावर चौकोनी झाकणं, कधीकाळी तिथे छोटे टीव्ही खाली यायचे. खिडकीच्या भोवतालचं प्लास्टिक दुधी नाही, सायीसारखं पिवळट. शेपटीवरचा नंबर मी गेटवरच टिपून घेतला होता. पंचविशीच्या आसपासचं ए३१९.

आण्णा स्वच्छतागृहात जाऊन आले आणि विजयी मुद्रेने म्हणाले, दारावर ॲशट्रे आहे, म्हणजे बघ हे किती जुनं. हा गैरसमज फार पसरलेला आहे. ॲशट्रे नव्याकोऱ्या विमानातही असतोच. सिगारेटला बंदी आहे, पण बंदी मोडून कोणी पेटवलीच तर थोटूक कागदाच्या डब्यात जाऊन आग लागू नये, म्हणून नियमानेच तो बसवावा लागतो. वय ओळखायचं असेल तर ॲशट्रे नका बघू, खिडकीचं प्लास्टिक बघा.

मग विमान हललं आणि पायाखालून आवाज सुरू झाला: भुक्-भुक्, भुक्-भुक्. थांबला, पुन्हा सुरू. पुढच्या रांगेतली एक बाई नवऱ्याचा हात धरून बसली. आण्णा वाकून खाली बघायला लागले. "इमानमा कुत्रं कोठून उनं?" मला हसू आवरेना. एअरबसच्या या जातीत हा आवाज नवा असो जुना असो येतोच. जमिनीवर इंधन वाचवायला वैमानिक एकच इंजिन चालवतो, मग दोन हायड्रॉलिक यंत्रणांच्या दाबात फरक पडतो, आणि तो फरक भरून काढणारं यंत्र असं भुंकतं. धुळ्याच्या गिऱ्हाइकांना मी हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर परत आल्यावर ते मला सांगतात की इंजिन बिघडलं होतं, देवाच्या दयेने वाचलो.

चाकांबद्दलही आण्णांनी विचारलं, कारण गेटच्या काचेतून त्यांना ती दिसत होती. प्रत्येक पायाला दोन. त्यावरून आठवलं, इंडियन एअरलाइन्सने १९८९ पासून घेतलेल्या ए३२० विमानांना मुख्य पायाला चार-चार चाकं असायची. आपल्याकडच्या काही धावपट्ट्या मोठं वजन पेलण्याइतक्या पक्क्या नव्हत्या, म्हणून वजन विभागायला खास तशी बनवून घेतलेली.

आता वयाचं. विमानाचं वय वर्षांत मोजून भागत नाही. किती वेळा उडालं आणि उतरलं, ते महत्त्वाचं. प्रत्येक उड्डाणात आत हवेचा दाब भरतो, शरीर फुगतं, उतरताना आवळतं. पत्रा थकतो तो त्याने. समुद्राकाठचा खारा वारा त्यात भर घालतो. २८ एप्रिल १९८८ ला हवाई बेटांमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढचं छप्परच हवेत उडून गेलं. विमान एकोणीस वर्षांचं होतं, पण छोट्या छोट्या बेटांमधल्या फेऱ्यांमुळे त्याने ८९,६८० उड्डाणं केली होती. एक हवाई परिचारिका गेली, बाकीचे वैमानिकांच्या कौशल्याने उतरले. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासण्या जगभर कडक झाल्या, अमेरिकेत १९९१ मध्ये त्यासाठी कायदाच झाला. आणि याच्या उलट टोकाला ५ जानेवारी २०२४: अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्समधून दाराच्या जागी बसवलेलं पॅनेल हवेत निसटलं. ते विमान कंपनीकडे येऊन काही महिनेसुद्धा झाले नव्हते. थकवा नाही, गंज नाही. कारखान्यात बोल्टच लावायचे राहिले होते.

आपल्याकडे २००० मध्ये पाटण्याला अलायन्स एअरचं ७३७ पडलं, तेव्हा 'जुनी विमानं हद्दपार करा' असा केवढा गदारोळ झाला. विमान वीस वर्षांचं होतं हे खरं. चौकशीत दोष निघाला तो उतरताना विमानावरचा ताबा सुटल्याचा. १९९३ चं औरंगाबाद तर खानदेशातले लोक विसरणार नाहीत. धावपट्टीच्या टोकाच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक आला आणि उडतं ७३७ त्याला धडकलं. ५५ माणसं गेली. जिनिंग-प्रेसमधल्या माणसांनी त्या गाठींचा विषय कितीतरी दिवस काढला होता, असं आण्णा सांगतात. तिथेही उशिरा उचललेलं विमान आणि न अडवलेली रस्त्यावरची वाहतूक हीच कारणं होती.

ए३१९ मध्ये बसून मी आण्णांना मोठी तपासणी समजावून सांगितली. काही वर्षांनी एकदा विमान आतून पार सोलतात: आसनं, भिंती, फरशी, सगळं बाहेर, सांगाडा उघडा पाडून भेगा आणि गंज शोधतात आणि पुन्हा जुळवतात. आण्णा म्हणाले, आमच्या जिनिंगचंही असंच. चौकट ब्रिटिशांची, बाकी रोलर, बेअरिंग, पट्टे कधीच बदलले, आणि ती नव्या मशिनपेक्षा कमी बंद पडायची, कारण तिची दुखणी आम्हाला पाठ होती. मी यावर काही बोलले नाही. त्यांना बरोबर समजलं होतं.

मग कंपन्या जुनी विमानं का ठेवतात? हौस म्हणून नाही. विलीनीकरणात जे वाट्याला येतं ते येतं. अमेरिकेत नॉर्थवेस्ट ही कंपनी डेल्टा कंपनीत गेली तेव्हा तिची डीसी-९ विमानंही गेली, आणि १९६५ साली जन्मलेली ती जात डेल्टाने जानेवारी २०१४ पर्यंत चालवली. साउथवेस्टने एअरट्रान घेतली तर तिची ८८ बोइंग ७१७ नकोशी झाली, कारण साउथवेस्टला एकच जात हवी. ती भाड्याने गेली पुन्हा डेल्टाकडेच. अमेरिकन एअरलाइन्सने एमडी-८० विमानं शेवटची उडवली ती ४ सप्टेंबर २०१९ ला. जुन्या विमानाचं कर्ज फिटलेलं असतं. ते दिवसात थोड्याच फेऱ्या करूनही परवडतं. नवं घ्यायचं म्हटलं तर एअरबस आणि बोइंगकडे वर्षानुवर्षांची रांग. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानं मागवली, इंडिगोने त्याच वर्षी ५००. एवढी विमानं काही दिवाळीपर्यंत दारात येत नाहीत.

आणि आलेल्या नव्यांचं काय झालं तेही पाहा. प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांत धातूच्या भुकटीचा दोष निघाला, इंडिगोची डझनांनी विमानं जमिनीवर उभी राहिली. गो फर्स्टने तर इंजिनांवर बोट ठेवून मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. नवी उभी, जुनी आकाशात. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगते, वय विचारू नका, देखभाल कोण करतं ते विचारा. अर्थात त्याचं उत्तरही काउंटरवर मिळत नाही.

ए३१९ विमान म्हणून पाचपैकी चार. तिकीट म्हणून दीड. तो दीडसुद्धा एका बाईंमुळे.

झालं असं. व्हीलचेअरचं मी निघण्याआधीच नोंदवलं होतं. आमच्याकडे त्याला कोड असतात: पायऱ्या चढू शकतो पण लांब चालवत नाही तो आर, पायऱ्या चढवत नाहीत तो एस, उचलूनच सीटपर्यंत न्यावं लागतं तो सी. आण्णा आर. युरोपच्या कंपनीच्या पडद्यावर हे दिसत होतं. अमेरिकेत उतरलो, इमिग्रेशन आटोपलं, पुढच्या गेटवर गेलो तर यांच्या पडद्यावर काहीच नाही. शिवाय आमच्या शेजारशेजारच्या जागाही गेलेल्या, कारण विमान बदललं होतं. आधी जे मोठं लावायचं होतं त्याऐवजी ए३१९ आलं, जागांचा नकाशा बदलला, आणि ज्यांची नोंद दुसऱ्या कंपनीच्या तिकिटावर होती ते सगळे मधल्या सीटवर विखुरले. गेटवरचा मुलगा म्हणाला, तिकीट ज्यांनी दिलं त्यांच्याशी बोला. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, आज उडवणार कोण, त्यांच्याशी बोला. आण्णा माझ्या बॅगेवर बसलेले. त्यांच्या वयाला तो लांबलचक कॉरिडॉर म्हणजे दोंडाईच्याचं स्टेशन ते बाजारपेठ.

मग शेजारच्या काउंटरवर एक वयस्क बाई आल्या. त्यांनी माउसला हात लावला नाही. पडदा बदलला, काळ्या खिडकीत पटापट अक्षरं टाइप केली, आणि मला दिसलं की त्या जुन्या पद्धतीच्या कमांड मारताहेत, ज्या मी दुकानात रोज मारते. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं. "यू आर इन द बिझनेस?" म्हणाल्या. मग कळलं की त्या विलीन झालेल्या दोनपैकी एका कंपनीच्या जुन्या कर्मचारी. पडद्यावरची नवी रंगीत खिडकी दुसऱ्या कंपनीच्या नोंदी अर्धवटच वाचते, म्हणून त्या आतल्या पानावर गेल्या आणि तिथे आण्णांचा कोड सापडला. नोंद हरवली नव्हती, दिसत नव्हती एवढंच. दोन सीट शेजारी मिळाल्या, खुर्ची आली.

अशी गोष्ट कंपनीच्या पातळीवर किती मोठी होते ते अमेरिकेने पाहिलं आहे. ३ मार्च २०१२ ला युनायटेड आणि कॉन्टिनेंटलने एका दिवसात बुकिंगची यंत्रणा एक केली, तर रांगा, उशीर आणि फोनवर तासन्‌तास वाट. ते पाहून अमेरिकन आणि यूएस एअरवेजने २०१५ मध्ये वेगळा मार्ग धरला. एका यंत्रणेतली बुकिंगं काही महिन्यांत हळूहळू रिकामी करत आणली, आणि ऑक्टोबरमध्ये बदल केला तेव्हा बाहेर फारसं काही जाणवलं नाही. वैमानिकांचं मात्र कोणतीही यंत्रणा जुळवू शकली नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एक झाल्या, तरी त्यांचे वैमानिक ज्येष्ठतेच्या यादीवरून वर्षानुवर्षं 'पूर्व' आणि 'पश्चिम' म्हणून वेगळे उडत राहिले.

आपल्याकडे विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात गेली, तेव्हा थोडी शहाणपणाची पद्धत वापरली गेली. त्या तारखेनंतरचं बुकिंग ३ सप्टेंबरपासूनच एअर इंडियाकडे वळवलं. विस्ताराच्या विमानांच्या फेऱ्यांना एआय २ ने सुरू होणारे चार आकडी नंबर दिले. सुरुवातीला माझ्या दुकानात लोक त्या दोनच्या आकड्यावर बोट ठेवून तिकीट मागत: "ताई, दोनवालं द्या." एअर इंडियाच्या स्वतःच्या जुन्या विमानांचं अंतरंग बदलायचा कार्यक्रमही चालू आहे, ४० कोटी डॉलरचा, ६७ विमानांचा. २७ ए३२०निओपासून सुरुवात केली. आसन, पडदा, गालिचा, सगळं नवं होईल. बुकिंगच्या आतल्या पानाला मात्र गालिचा घालता येत नाही.

पुढे ज्यांना खानदेशातून परदेशी जायचंय त्यांच्यासाठी दोनतीन गोष्टी, माझ्या धंद्याचं नुकसान करून. तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' जे लिहिलेलं असतं ती खरी कंपनी, सीट आणि खुर्ची तिच्याकडे नोंदवा, नंबर कोणाचाही असो. प्रत्येक कंपनीचा पीएनआर वेगळा असतो, तो मागून घ्या. माझ्यासारखी एजंट असेल तर ती न विचारता देईल, ॲपवर काढलंत तर तुम्हालाच खणावं लागेल. विमान बदललं असं कळलं की लगेच सीट तपासा. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आण्णा ऑक्टोबरमध्ये परत येताहेत, या वेळी एकटे. जळगावचा टप्पा पुन्हा वेगळ्या तिकिटावर, म्हणून मुंबईला उतरल्यावर एक रात्र कल्याणला माझ्या मावसभावाकडे धरली आहे, सकाळी तोच त्यांना एटीआरच्या रांगेत उभं करून देईल. व्हीलचेअरसाठी तिन्ही कंपन्यांना वेगवेगळा मेल टाकलाय. दोघांचं उत्तर आलं. तिसऱ्यांनी तिकीट ज्यांनी दिलं त्यांच्याशी बोला म्हणून कळवलंय, त्यांना सोमवारी फोन करते.